किती खोल्या गरम करायच्या

अंबरनाथ (पूर्व)
९ जून २०२४

चि. अवधूत,

आशीर्वाद. अजून शिल्लक आहेत, तेवढे पाठवते.

पाकीट बघून दचकू नकोस. बाबा बरे आहेत. मी 'बाबांना काही महिने घेऊन जा' म्हटलं की तुझ्या डोंगरातली रेंज नेमकी तेव्हाच जाते, म्हणून पत्र. एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मी इतकी वर्षं परचेस बघते. पुरवठादार फोनवर 'मॅडम, आवाज येत नाही' म्हणायला लागला की मी त्याला कागद पाठवते. कागदाला रेंज लागत नाही. यापुढे आपलं सगळं लेखी.

मुद्दा एकच आहे. आई गेल्यापासून बाबा आणि मी. आधी तू पुण्यात होतास, मग ती नोकरी सोडून हिमानीला आणि लेकीला घेऊन अल्मोड्याच्या पुढे फळबाग करायला गेलास, आणि मी इथेच राहिले. बाबा सकाळी उठतात, डबा मागतात आणि फॅक्टरीत जायला निघतात. निवृत्त होऊन किती वर्षं झाली ते त्यांना सांगायचं मी सोडून दिलंय. दाराला वर, हात पुरणार नाही अशा उंचीवर कडी लावून घेतली आहे. दिवसा सोनिवलीच्या वेणूबाई येतात म्हणून मी कामावर जाऊ शकते. संध्याकाळी त्या गेल्या की मी. बाबांना सारखी थंडी वाजते. स्वेटर, कानटोपी, मोजे आणि पंखा बंद. मे महिन्यात अंबरनाथला पंखा बंद करून एकदा झोपून बघ.

तू विचारशील, तुला काय झालंय? काही नाही. बीपी नाही, शुगर नाही, गुडघे चालतात. मी दमलेय, एवढंच. लोकांना हे कारण पुरत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, मुलीच्या जातीला वडलांची सेवा मिळणं भाग्याचं. एखादा आजार असता तर बरं झालं असतं, रिपोर्ट जोडून पाठवला असता.

उत्तर लेखी दे.

वृंदाताई


चौंलीधार, जि. अल्मोडा
२ जुलै २०२४

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन खालच्या दुकानात ठेवून जातो, म्हणून उशीर. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि आधी तेच बघत बसलो.

तुझं बरोबर आहे. मी नाही म्हणतच नाही. पण ताई, बाबांना अंबरनाथच्या मे महिन्यात थंडी वाजते, तर इथे काय होईल याचा विचार कर. डिसेंबरात सकाळी बादलीतलं पाणी वरून कडक झालेलं असतं. घर दगडाचं, तीन खोल्या, आणि घर गरम करायला आधीच्या मालकाने ठेवलेली एक पत्र्याची बुखारी. बुखारी म्हणजे लाकडावर चालणारी मोठी शेगडी, तिचा धूर पाइपाने छतातून बाहेर जातो. तिचा तळ आता गंजून गेलाय. सुरुची तिच्यापाशीच बसून अभ्यास करायची.

नवी घ्यायची तर विचार करून घेतली पाहिजे. पत्र्याची लवकर तापते आणि लवकर निवते. बिडाची उशिरा तापते, पण सकाळपर्यंत ऊब धरून ठेवते. काचेच्या दाराची परदेशी मिळते, तिच्यातली आग दिसते आणि राख कमी पडते म्हणतात. गावातले लोक विटा-मातीची बांधतात. लाकडाचंही बघावं लागतं. चीड, म्हणजे पाइन, जाळलं की पाइपात काजळी धरते, बांज, म्हणजे इथला ओक, चांगला, पण तो तोडायला परवानगी नाही, पडलेलाच गोळा करायचा. हे सगळं नीट ठरवू, बुखारी बसवू, आणि मग बाबांना आणू. शिवाय पावसात रस्ते खचतात.

हिमानी आणि सुरुची मजेत आहेत.

तुझा
अवधूत


अंबरनाथ
२१ जुलै २०२४

चि. अवधूत,

आशीर्वाद.

शेगडीवरचा तुझा निबंध वाचला. मागच्या हिवाळ्यात छप्पर आडवं आलं होतं, त्याआधी पाण्याची टाकी. या वर्षी शेगडी. ठीक आहे. खरेदी मला करता येते. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय मी झाडूही घेत नाही, तर शेगडी तुझ्यावर कशी सोडेन?

रविवारी उल्हासनगरला गेले. फर्निचर बाजाराच्या मागे भांड्यांचं आणि इलेक्ट्रिकचं मोठं दुकान आहे, तिथल्या सिंधी मालकाला म्हटलं, घर गरम करायची शेगडी दाखवा. तो माझ्याकडे बघतच राहिला. बाहेर लोक छत्रीखाली घामाने भिजत होते. म्हणाला, "दीदी, घर गरम? यहाँ तो सब ठंडा करने आते हैं. एसी दिखाऊँ?" मी म्हटलं, भावाकडे बर्फ पडतो. मग त्याने हीटर दाखवला, तंदूर दाखवला आणि शेवटी चाकांवरची बार्बेक्यूची गाडी दाखवली. म्हणाला, "भाई को बोलो इसके बाजू में बैठे, गरमी भी मिलेगी, पनीर भी मिलेगा." खूप दिवसांनी हसले.

परदेशी काचेच्या शेगडीची चौकशी ऑनलाइन केली. काच फुटली तर सहा आठवडे लागतात. बाद. तयार बिडाची एवढ्या लांब पाठवायला कोणी तयार नाही. तीही बाद. राहिले आमचे दौलतराव. एमआयडीसीत त्यांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, आमच्या कंपनीच्या टाक्या आणि स्टँड तेच करतात. जाड प्लेटची, आतून भट्टीच्या विटा लावलेली करून देतो म्हणाले. विटांमुळे ऊब टिकेल. शेगडी त्यांनी जन्मात केलेली नाही, पण आकृती काढून द्या म्हणाले. त्यांचा एकच प्रश्न आहे: किती खोल्या गरम करायच्या? त्यावर आतल्या आगपेटाऱ्याचा आकार ठरतो. फार मोठी केली तर ती मंद ठेवावी लागते आणि धूर करते.

तू तीन म्हणालास. तीन धरू ना? मापं पाठव.

वेणूबाईंना मी सगळं सांगते. त्या म्हणाल्या, "दादांच्या घरान चूल नाय? मंग बायको रांधते कशाव?" मी म्हटलं गॅस आहे. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

बाबा ठीक. आज मला दोनदा 'मॅडम' म्हणाले.

वृंदाताई


चौंलीधार
१८ ऑगस्ट २०२४

ती. ताईस नमस्कार.

उशीर झाला, माफ कर. पाऊस फार झाला. वरच्या बाजूची भिंत ढासळली, प्लम आधीच गेले होते. दिवसभर दगड रचतो आणि संध्याकाळी जेवायचा कंटाळा येतो.

दौलतरावांना सांग, तीन नको, दोन खोल्या धरा. सुरुचीची खोली उत्तरेला आहे, तिकडे ऊब पोचवायची म्हणजे लाकूड दुप्पट लागेल. ती बंद ठेवली तरी चालेल.

पण ताई, जाड प्लेटची म्हणजे वजन किती होईल? शेवटचा अर्धा किलोमीटर गाडी येत नाही, खेचरावर आणावी लागेल. आणि आत विटा असतील तर वाटेत फुटतील. घाई करू नये असं मला वाटतं. या वर्षी नीट माहिती काढू आणि पुढच्या पावसाळ्याआधी निर्णय घेऊ, कसं?

बाबांना माझा नमस्कार सांग. ते मला विचारतात का?

अवधूत


अंबरनाथ
१ सप्टेंबर २०२४

चि. अवधूत,

पुढच्या पावसाळ्याआधी? तू लिहिलंस, मी वाचलं, आणि कागद खाली ठेवून गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं.

विटा सुट्या पाठवते. तू लाव. वजन दोन तुकड्यांत होईल, मधे बोल्ट. खेचराचाही प्रश्न मिटला. आणखी काही असेल तर आताच एका दमात सांग. मला माणसं ओळखता येतात अवधूत. ज्याला माल द्यायचा नसतो तो दर वाढवत नाही, चौकशा वाढवतो.

काल संध्याकाळी कामावरून आले तर बाबा कडीखाली स्टूल ठेवून चढत होते. वेणूबाई खाली भाजीवाल्याशी बोलत होत्या, पाच मिनिटांची गोष्ट. मी ओरडले. बाबांवर. ते स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "चुकलं साहेब." अवधूत, ज्यांनी आपल्याला कधी बोट लावलं नाही त्या माणसावर मी ओरडले, आणि नंतर रडायलाही आलं नाही, कारण भाकऱ्या करायच्या होत्या. मी वाईट होत चाललेय. हे मला कळतंय आणि थांबवता येत नाहीये. म्हणून म्हणते, त्यांना ने.

मुलीची खोली का बंद ठेवायची? पोरगी थंडीत कुठे बसेल? पण ते तुमचं तुम्ही बघा. दोन तर दोन. दौलतरावांनी आकृती बदलली. मापं मात्र अजून आलेली नाहीत.

हो, विचारतात तुला. 'धाकटा शाळेतून आला का' असं विचारतात.

वृंदाताई


चौंलीधार
२९ सप्टेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो.

एकच खोली धर. स्वयंपाकघराला लागून आहे ती. चौदा फूट बाय अकरा, छत साडेसात फूट, पाइप सरळ वर जाईल. बाकीच्या दोन्ही बंद ठेवू.

अवधूत


अंबरनाथ
२० ऑक्टोबर २०२४

चि. अवधूत,

शेगडी रवाना झाली. ट्रान्सपोर्टची पावती सोबत आहे, हल्द्वानीच्या गोदामातून उचल.

तिची गंमत ऐक. इथे ऑक्टोबरचं ऊन, शेडचे पत्रे तापलेले, आणि आम्ही शेगडी पेटवून बघत होतो. बाबांना रिक्षाने नेलं होतं, घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून. शेगडी अशी चकचकीत, तपकिरी, की मीच म्हटलं, वा! लाकडं घातली, पेटवली, आणि दहा मिनिटांत रंगाला फोड यायला लागले. मग धूर, आणि तो असा उग्र की सगळे तोंडाला रुमाल लावून बाहेर. शेजारच्या केमिकल कंपनीचा सिक्युरिटीवाला धावत आला, आमच्याकडे काही लीक झालं का विचारायला. त्यांच्याकडे तर रोजच वास असतो, त्यालाही हा वास नवा वाटला!

मी दौलतरावांवर उखडले. त्यांनी शांतपणे माझी ऑर्डर काढली. त्यात माझ्याच सहीने होतं: 'एक हात रेड ऑक्साइड, दोन हात ऑइल पेंट.' टाकी असो, स्टँड असो, शिडी असो, गेली तीस वर्षं प्रत्येक ऑर्डरीच्या तळाशी मी ही ओळ टाकते. शेगडीलाही टाकली. दौलतराव म्हणाले, "मला वाटलं घराण्याला शोभेल अशी पाहिजे असंल म्याडमला. आन् बिगररंगाचा माल आपन गेटाबाहेर काढत नाय."

सगळे बाहेर होते, फक्त बाबा आत. त्या धुरात, कानटोपी घालून, शेगडीसमोर दोन्ही तळवे धरून उभे. मी ओढायला गेले तर म्हणाले, "भट्टीला रंग कुणी दिला? बोलव त्याला." आवाज पूर्वीचा. फॅक्टरीच्या भट्टीखात्यात फोरमन होते तेव्हाचा. मी, दौलतराव आणि तो सिक्युरिटीवाला, तिघंही सरळ उभे राहिलो. मग म्हणाले, खरवडून घ्या, तेलात पुसा, पुन्हा लावा. आणि लगेच मला विचारलं, "बाई, आपण कुठल्या खात्यातल्या?"

तसंच केलं आहे. आता काळी, साधी आहे. रंग नाही.

आता दुसरं. तुझं एक खोलीचं पत्र वाचलं. मी गप्प बसणार होते, पण लेखी म्हटलंय तर लेखीच. तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. म्हणजे बाबांना स्वयंपाकघरालगतच्या खोलीत एकटं ठेवायचं, शेगडी त्यांच्यापुरती, आणि तुम्ही तिघं हीटर लावून वेगळे. असं असेल तर सरळ सांग. हिमानीला त्यांचं करायचं नाही का? तिने मला फोन केलेला नाही हेही माझ्या लक्षात आहे. मी तिला दोष देत नाही, सासऱ्याचं करणं सोपं नसतं. पण बाबांना कोठीत ठेवल्यासारखं ठेवायचं असेल तर मला आधी कळू दे.

बाबांची बॅग मी भरायला घेतली आहे. डिसेंबरात येऊन घेऊन जा.

वृंदाताई


चौंलीधार
१७ नोव्हेंबर २०२४

ताई,

बुखारी पोचली. खेचर नव्हतं मिळत, गावातल्या चौघांनी आणली. विटा लावल्या, पाइप बसवला. पेटवली आहे. धूर चांगला ओढते. खोली अर्ध्या तासात उबदार झाली. मी नुसत्या शर्टात बसून हे लिहितोय.

तू समजलीस तसं नाही. आम्ही तिघं नाही, ताई. मी एकटाच आहे.

मागच्या वर्षी जूनमध्ये सुरुचीला अकरावीसाठी पुण्याला ठेवलं. तिच्यासोबत हिमानी गेली, वर्षभरासाठी म्हणून. दिवाळीत आल्या, तेव्हा हिमानीने स्वतःची पुस्तकं नेली. मार्चमध्ये तिने फोनवर सांगितलं की ती परत येणार नाही. भांडण झालं नाही. ती म्हणाली, सकाळी दार उघडलं की मला समोर माणूस दिसत नाही, मी तुझ्यासाठी सात वर्षं डोंगर बघितला. तिचं खोटं नव्हतं. 'दोघी मजेत आहेत' असं मी तुला लिहिलं, ते खरंच होतं.

तू खोल्या विचारत होतीस आणि मी इथे एकेक बंद करत होतो. आधी सुरुचीची, मग आमची. आता स्वयंपाकघराशेजारी खाट टाकली आहे. एका माणसाला एवढं पुरतं.

बाबांना आणायचं टाळलं, त्याचं थंडी हे कारण नव्हतं. मला भीती वाटते. ते विचारतील, सूनबाई कुठे? मी सांगेन. त्यांना वाईट वाटेल. मग विसरतील आणि संध्याकाळी परत विचारतील. रोज उठून मला ते कोणाला तरी पहिल्यांदा सांगावं लागेल. मला ते अजून एकदाही नीट सांगता आलेलं नाही. हे तुलाच पहिल्यांदा.

आणि मला एकट्याला बाबांचं जमेल का? आंघोळ, औषधं, रात्री उठणं? बागेत गेलो तर इथे कोण? आता तू म्हणशील ते. बाबांना पाठवायचं नाही असं तुला वाटलं तर मी समजू शकतो.

अवधूत


अंबरनाथ
२६ नोव्हेंबर २०२४

अवधूत,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. तू एवढं दीड वर्ष एकट्याने गिळलंस आणि मी तुला पुरवठादारासारखं झापत राहिले. हिमानीबद्दल लिहिलं ते मागे घेते. तिला फोन करीन, विचारायला नाही, नुसता.

आता पुढचं ऐक. पत्र वाचलं त्या संध्याकाळी मी बाबांची भरलेली बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. हातच तसे वळले. बिचारा एकटा, त्याला कसं झेपेल, राहू देत इथेच, बघू पुढच्या वर्षी. तीन शर्ट लावून झाले आणि मला एवढा राग आला की मी पलंगावर बसले.

तू एकटा आहेस म्हणून तुला झेपणार नाही. मग मी कोण होते रे? माझ्या घरात दुसरं कोण होतं? आई गेली तेव्हा तेराव्याला सगळे जमले होते, काका, आत्या, तू, हिमानी. कोणी विचारलं का, वृंदाला एकटीला जमेल का? कोणाच्या मनातही आलं नाही. लग्न न झालेली मुलगी एकटी असते हे कोणी धरतच नाही. तू चांगला आहेस, तुझ्या तरी मनात आलं, पण तेही तुझ्या स्वतःबद्दल आलं.

शर्ट पुन्हा बॅगेत भरले आहेत. बाबांना ने. तू एकटा आहेस, तरीही ने. एकट्याने होतं. नीट होत नाही, चिडचिड होते, ओरडायला होतं, पण होतं. मी तुझ्यावर सूड घेत नाहीये. माझ्यात काही उरलेलं नाही आणि हे मला मरायच्या आधी कोणालातरी सांगायचं होतं. सहा महिने. मग बघू.

सूनबाई कुठे, हा प्रश्न येईलच. उत्तर सांगून ठेवते. बाबा रोज मला विचारतात, तुझी आई कुठे गेली? पहिल्यांदा मी खरं सांगायचे, आणि ते दर वेळी नव्याने रडायचे. मग शहाणी झाले. आता म्हणते, बाजारात गेलीय. ते विचारतात, पिशवी नेली का? मी म्हणते, नेली. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. तुला खरं सांगायची गरज नाही. खरं तू मला सांगितलंस, झालं.

गावात एखादी बाई किंवा माणूस बघ, दुपारपुरता. लाज वाटून घेऊ नकोस. मी वेणूबाईंशिवाय एक दिवस टिकले नसते.

रिझर्व्हेशन करून कळव.

ताई


चौंलीधार
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस नमस्कार.

बाबा मजेत. डिसेंबरात त्यांना घेऊन निघताना तुला रोज फोन करायचं म्हणालो होतो, झाला नाही. या वेळी रेंज खरंच नव्हती, चार दिवस बर्फ होता.

त्यांना हे घर म्हणजे खातं वाटतं. बुखारी ही भट्टी, आणि मी नवीन लागलेला पोऱ्या. सकाळी उठले की आधी तिच्यापाशी जातात. "रात्रपाळीने राख काढली नाही," म्हणतात. मीच रात्रपाळी. ओलं लाकूड घातलं की ओरडा खातो. काल कानटोपी स्वतः काढून मला दिली आणि म्हणाले, "फार तापलंय, दार ढिलं कर." मी टोपी हातात घेऊन उभाच राहिलो. इथे आल्यापासून त्यांनी एकदाही थंडी वाजते म्हटलेलं नाही.

सूनबाईला विचारलं. दोनदा. बाजाराचं सांगितलं. पिशवीचंही विचारलं. तू सांगितलंस तसंच.

ताई, मी दमलो. एवढ्यातच. रात्री उठतो, सकाळी उठतो, त्यांचे दात धुतो, बागेकडे जायला निघालो की हाक येते. परवा त्यांनी दुधाचा पेला तिसऱ्यांदा सांडला आणि मी भिंतीवर हात आपटला. ते घाबरले. मला तुझं स्टुलाचं पत्र आठवलं. तेव्हा मला ते वाचून तुझी दया आली होती आणि थोडं असंही वाटलं होतं की ताई वाढवून लिहिते. आज कळलं की तू कमी करून लिहिलं होतंस.

पण परत घेऊन जा असं म्हणत नाही. खालच्या घरातल्या पुष्पादीदी दुपारी येऊन बसतात. बाबा त्यांना भट्टीपासून लांब उभं राहायला सांगतात. भागतंय.

जूनमध्ये तू त्यांना न्यायला येणार म्हणालीस. न्यायला येऊ नकोस. आधीच ये, मार्चमध्ये, फुलं आलेली असतात. राहायला ये. तुझी शेगडी एवढ्याशा खोलीला जास्तच होते, मधलं दार उघडावं लागलं आणि आता दोन खोल्या गरम असतात. झोपायला जागा आहे.

अवधूत


अंबरनाथ
२ फेब्रुवारी २०२५

चि. अवधूत,

आशीर्वाद. भरपूर.

भिंतीवर आपटलास ना हात? मग तुझं ठीक चाललंय. बाबांना कळत नाही असं समजू नकोस, आवाज कळतो. पण पाच मिनिटांत ते विसरतात, आणि आपण मात्र विसरत नाही. तूही थोडं विसरायला शीक. मला जमलं नाही.

इकडचं विचारशील तर पहिला आठवडा मी नुसती झोपले. कामावरून यायचं, चहा घ्यायचा, झोपायचं. थंडी असूनही पंखा लावून. काकूंनी विचारलं, "करमत नसेल ना आता?" मी म्हटलं, छान करमतंय. त्या परत वर आल्या नाहीत. वेणूबाई मात्र येतात अजून, सोनिवलीची वालपापडी घेऊन. म्हणतात, "बाबा गेलं न तुम्ही जाड झालाव." खरं आहे. झालेय.

तरी सकाळी जाग येते आणि मी कान देऊन पडते, स्टूल सरकल्याचा आवाज येतो का. येत नाही. मग बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटतं. हे किती दिवस चालेल माहीत नाही.

मार्चमध्ये येईन. रजा टाकली आहे. पण एक अट आहे, आणि ती आताच लेखी कळवते. तिथे आल्यावर मी बाबांचं काहीही करणार नाही. आंघोळ नाही, औषध नाही, दात नाही, राख नाही. त्यांनी हाक मारली तरी तू उठायचंस. मला 'ताई, जरा बघतेस का' म्हणायचं नाही. म्हटलंस तर त्याच दिवशी खाली उतरेन.

मी त्यांच्या शेजारी बसणार आहे. शेगडीसमोर, एका बाकड्यावर, नुसती. त्यांनी विचारलं कुठल्या खात्यातल्या, तर सांगेन काहीतरी. आई गेल्यापासून मी त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं, धुतलं, रागावले. त्यांच्या शेजारी नुसती एकदाही बसलेली नाही.

वृंदा